काळा घोड्याला चित्रप्रदर्शन पाहायला जाताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत आजची चित्रकला पाहायची म्हटलं की पाय काळा घोड्याकडे वळतात. रीगलच्या चौकात उभं राहिलं की एका बाजूला राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय (सगळे त्याला एनजीएमए म्हणतात), समोर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय (पुढे त्याला नुसतं ‘म्युझियम’ म्हटलंय) आणि चार पावलांवर जहांगीर कलादालन. या तीन ठिकाणांबद्दल जे प्रश्न सतत येत असतात, ते इथे एकत्र केले आहेत. एकाच गोष्टीचा उल्लेख दोनदा होऊ नये म्हणून जागोजागी प्रश्नांचे क्रमांक दिले आहेत.

१. पहिल्यांदाच जातोय. एनजीएमए, जहांगीर आणि म्युझियम यांत फरक काय? सुरुवात कुठून करू?

एनजीएमए ही केंद्र सरकारच्या संस्कृती मंत्रालयाची संस्था. इमारत म्हणजे १९११ सालचा सर कावसजी जहांगीर हॉल. वास्तुकार जॉर्ज विटेट, ज्यांनी समोरचं म्युझियम आणि गेटवेही उभारला. पूर्वी तिथे सभा आणि मैफली होत. आतून संपूर्ण बदल करून १९९६ साली तिथे कलासंग्रहालय सुरू झालं. एखाद्या चित्रकाराचं आयुष्यभराचं काम किंवा एखाद्या विषयाभोवती क्युरेटरने विचारपूर्वक लावलेलं प्रदर्शन इथे पाहायला मिळतं आणि ते बरेच आठवडे चालतं.

जहांगीर १९५२ पासून आहे. तिथली दालनं चित्रकार स्वतः भाड्याने घेतात, त्यासाठी बरीच आधी नोंदणी करावी लागते, आणि प्रदर्शन साधारण आठवडाभर असतं. एका दालनात पंढरीची वारी, शेजारच्यात निव्वळ अमूर्त, तिसऱ्यात कोकणातली जलरंगातली निसर्गचित्रं, असं सगळं एका छपराखाली भेटतं. चित्रं विकायला असतात आणि चित्रकार बहुतेक वेळा तिथेच बसलेले असतात.

म्युझियमच्या आत, पूर्वेकडच्या भागात, जहांगीर निकल्सन यांच्या संग्रहाचं दालन आहे. निकल्सन यांनी १९६८ पासून भारतीय चित्रं जमवली. त्यांचा संग्रह सुमारे ८०० कलाकृतींचा आहे. यातल्या निवडक कलाकृती आलटूनपालटून लावतात. नावांच्या गोंधळात मात्र पडू नका : सर कावसजी जहांगीर, जहांगीर कलादालन आणि जहांगीर निकल्सन या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिल्या खेपेला एनजीएमए आधी पाहा आणि मग जहांगीर. उलट केलंत तर जहांगीरमधल्या विविधतेनेच डोळे थकतात आणि एनजीएमएच्या वरच्या मजल्यांपर्यंत उत्साह उरत नाही.

२. सुट्टी कोणत्या वारी? तिकीट किती?

एनजीएमए सोमवारी बंद. जहांगीर आठवड्याचे सातही दिवस उघडं असतं आणि प्रवेश विनामूल्य. एनजीएमएचं भारतीयांसाठीचं तिकीट २० रुपये आहे. निकल्सन दालन पाहायला म्युझियमच्या दारातूनच जावं लागतं. ओळखपत्र जवळ ठेवा. विद्यार्थ्यांनी तर कॉलेजचं ओळखपत्र विसरूच नये. सकाळी अकरानंतर पोहोचलात तर तिन्ही ठिकाणं उघडी सापडतील. वेळा आणि दर अधूनमधून बदलतात, तेव्हा निघण्याआधी एक फोन करा. फोनवर आणखी काय विचारायचं ते प्रश्न ३ मध्ये आहे.

३. लांबून गेलो आणि दालन बंद! संकेतस्थळावर तर सुट्टी नव्हती. असं का होतं?

दोन प्रदर्शनांच्या मधे गेलात म्हणून. एनजीएमएत कायमचा संग्रह बाराही महिने लावलेला असेल असं गृहीत धरू नका. मोठं प्रदर्शन उतरवायचं म्हणजे प्रत्येक चित्राची स्थिती तपासायची, नोंद करायची, पेटीत बांधायचं, भिंतींची भोकं बुजवून रंग द्यायचा, मग नवीन चित्रं लावायची आणि दिवे जुळवायचे. यात बरेच दिवस जातात. त्या काळात संग्रहालय ‘उघडं’ असलं तरी बघायला अर्धंच असू शकतं.

म्हणून फोनवर ‘उघडं आहे का’ एवढंच विचारू नका. ‘सध्या कोणतं प्रदर्शन आहे, कधीपर्यंत आहे आणि सगळे मजले खुले आहेत का’ हे विचारा. जहांगीरची प्रदर्शनं बहुधा मंगळवारी सुरू होऊन पुढच्या सोमवारी संपतात. सोमवारी संध्याकाळी गेलात तर चित्रं भिंतीवरून उतरताना दिसतील आणि मंगळवारी सकाळी चढताना. बुधवार-गुरुवारची दुपार सगळ्यात चांगली : मांडणी पूर्ण झालेली असते, गर्दी नसते आणि चित्रकाराला बोलायला सवड असते.

४. पोहोचायचं कसं? गाडी न्यावी का?

गाडी नको, पार्किंग शोधण्यात अर्धा तास जातो आणि डोकं तापलेलं असताना चित्रं दिसत नाहीत. चर्चगेटहून चालत १५ ते २० मिनिटं, सीएसएमटीहून २० ते २५. मेट्रो ३ ने येणाऱ्यांनी हुतात्मा चौक स्थानकावर उतरावं. ठाणे-कल्याणकडून येत असाल तर सीएसएमटीहून फोर्टमधून चालत येण्यासारखं सुख नाही.

५. किती वेळ काढावा?

एनजीएमएसाठी दीड ते दोन तास, जहांगीरसाठी पाऊण तास, मधे चहा. म्युझियमही त्याच दिवशी उरकायचा मोह टाळा. तीनही एका दिवसात पाहणाऱ्यांना संध्याकाळी एकही चित्र नीट आठवत नाही.

एनजीएमएच्या आतली रचना समजून घ्या. अर्धवर्तुळाकार दालनं एकावर एक रचलेली आहेत. जिन्याने चढत चढत शेवटी घुमटाखालच्या दालनात पोहोचता. खालच्या दालनात तासभर रेंगाळलात तर वर घाई होते. त्यापेक्षा आधी न थांबता वरपर्यंत जा, साधारण पंधरा मिनिटांत. ज्या चित्रांपाशी पाय अडखळले ती मनात ठेवा. मग उतरताना फक्त त्यांच्यापाशी थांबा. आठ-दहा चित्रं पुरेशी आहेत. त्यातल्या एकासमोर पाच मिनिटं घड्याळ लावून उभे राहा. पाच मिनिटं फार वाटतात, पण पहिल्या दोन मिनिटांत डोळा फक्त ‘हे काय आहे’ एवढंच शोधत असतो. त्याच्या पुढच्या वेळात रंग, कडा, रिकाम्या जागा दिसू लागतात.

६. मला चित्रातलं काही कळत नाही. तरी जाऊ का?

जरूर जा. हा प्रश्न इतका येतो आणि इतक्या संकोचाने येतो की वाईट वाटतं. गाण्याच्या मैफलीला जाताना राग ओळखता आलाच पाहिजे अशी अट कुणी घालत नाही, तशी इथेही नाही.

अर्थ विचारायच्या आधी चार साधे प्रश्न विचारा. डोळा सगळ्यात आधी कुठे गेला? तिथून कुठे सरकला? रंग जाड आहे की पातळ, आणि तो ब्रशने, सुरीने की रोलरने लावलाय? चित्रातली सगळ्यात शांत जागा कुठली? ही उत्तरं द्यायला कुठलाही इतिहास माहीत असावा लागत नाही, आणि ती मिळेपर्यंत तुम्ही चित्र खरंच पाहिलेलं असतं. भिंतीवरचा लांबलचक मजकूर त्यानंतर वाचा. आधी वाचला तर चित्रात फक्त तो मजकूरच दिसतो.

सुरुवात ओळखीच्या जगापासून करायची असेल तर सुधीर पटवर्धन यांची चित्रं जिथे लागतील तिथे जा. ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करत त्यांनी रेल्वे, इराणी हॉटेल, लोअर परळ, ठाण्यातलं पोखरण रंगवलं. २०१९-२० मध्ये एनजीएमएत त्यांचं मोठं सिंहावलोकनी प्रदर्शन झालं होतं. लोकलने येणाऱ्या माणसाला त्या चित्रांतली माणसं ओळखायला कुणाची मदत लागत नाही.

७. चित्राशेजारच्या पाटीवर जे लिहिलेलं असतं ते कसं वाचायचं?

क्रम बहुधा असा : चित्रकाराचं नाव, शीर्षक, साल, माध्यम, आकार आणि चित्र कुणाच्या संग्रहातलं. आकारात आधी उंची आणि मग रुंदी. म्हणजे ‘७० × ४० इंच’ हे उभं चित्र. भाषा बहुतेक ठिकाणी इंग्रजी, एनजीएमएत हिंदीही. मराठी फारच कमी, आणि मुंबईत तरी ती असायलाच हवी. अभिप्रायवहीत हे दरवेळी लिहून या.

माध्यमाची ओळ सगळे गाळतात, आणि खरं तर तीच सगळ्यात उपयोगाची. ‘तैलरंग’ असेल तर रंगात खोली आणि मऊ संक्रमणं शोधा. तैलरंग हळू वाळतो, म्हणून चित्रकाराला एक छटा दुसऱ्यात मिसळायला दिवस-दिवस मिळतात. ‘ॲक्रिलिक’ काही मिनिटांत वाळतं, म्हणून सपाट, कडक कडांचे पट्टे आणि एकावर एक पारदर्शक थर जास्त दिसतात. ‘गवाश’ म्हणजे अपारदर्शक जलरंग, मखमली आणि चकाकी नसलेला. ‘एनॅमल’ म्हणजे आपण दारं-खिडक्यांना लावतो तोच ऑइलपेंट. प्रभाकर बरवे यांनी तो कॅनव्हासवर वापरला. त्याच्या गुळगुळीत, थंड पृष्ठभागामुळे त्यांच्या चित्रातलं पान, घड्याळ किंवा शिंपला हवेत थबकल्यासारखा दिसतो. ‘मिश्र माध्यम’ दिसलं की जवळ जा आणि काय काय चिकटवलंय ते शोधा : कापड, वर्तमानपत्र, वाळू, दोरा. अतुल डोडिया यांनी तर दुकानांच्या लोखंडी शटरवर चित्रं केली. शटर वर गेलं की मागे दुसरं चित्र. अशा कामाची पाटी आधी वाचली नाही तर अर्धं चित्र निसटतं.

८. अर्ध्या चित्रांना ‘अनटायटल्ड’ का लिहितात? नाव सुचत नाही का?

बहुतेकदा नाव मुद्दाम दिलेलं नसतं. ‘संध्याकाळ’ असं लिहिलं की प्रत्येकजण त्यात सूर्य शोधतो. चित्रकाराला ते नको असतं. याच्या उलट टोकाला सय्यद हैदर रझा आहेत. त्यांनी १९८१ च्या ‘माँ’ या चित्रात देवनागरी अक्षरांत एक संपूर्ण ओळच रंगवली. दोन्ही पद्धती प्रामाणिक आहेत.

९. अमूर्त चित्रासमोर करायचं काय? नुसते डागच तर असतात.

वासुदेव गायतोंडे यांचं एखादं चित्र उदाहरणाला घेऊ. जन्म नागपूरचा, १९२४ सालचा, शिक्षण जे. जे. स्कूलमध्ये. वर्षाला जेमतेम पाच-सहा कॅनव्हास पूर्ण करणारा हा माणूस. लांबून पाहिलं तर पिवळं किंवा हिरवट धुकं आणि त्यात काही खुणा तरंगतायत, एवढंच दिसतं.

आता ते तीन ठिकाणांहून पाहा. पहिलं, चार-पाच मीटरवरून. उजेड कुठून येतोय असं वाटतं? वरून, की रंगाच्या आतून? दुसरं, दोन मीटरवरून. आडवे पट्टे दिसू लागतात. तो रोलर फिरवलेला माग आहे. तिसरं, सुरक्षारेषेपाशी उभं राहून, थोडं तिरक्या कोनातून. आता पृष्ठभागाचा उंचसखलपणा दिसतो : कुठे सुरीने रंग ओढून काढलाय, कुठे कागदाचा तुकडा ओल्या रंगावर दाबून उचललाय आणि त्याची फाटकी कड तशीच उमटलीय. लावलेल्या रंगाइतकाच काढून टाकलेला रंगही तिथे काम करतोय. हे एकदा दिसलं की ‘नुसते डाग’ हा शब्द आपोआप गळून पडतो.

चित्राच्या बाजूची कड दिसत असेल तर तिथेही नजर टाका. कॅनव्हास वळवून ठोकलेला असतो, त्या पट्टीवर खालच्या थरांचे ओघळ राहिलेले असतात. वर राखाडी दिसणाऱ्या चित्राच्या कडेला लाल सापडतो, आणि त्या राखाडीत ऊब कुठून आली ते कळतं.

आणि पाच मिनिटं देऊनही काहीच हललं नाही तर पुढे जा. सगळीच चित्रं सगळ्यांशी बोलत नाहीत.

१०. आत इतका अंधार आणि इतकी थंडी का?

प्रकाशाने रंग उडतो आणि उडालेला रंग परत येत नाही. म्हणून कागदावरच्या कामांवर, म्हणजे जलरंग, रेखाटनं, छापचित्रांवर (प्लेटवरून कागदावर घेतलेल्या ठशांवर), साधारण ५० लक्सच (लक्स हे उजेड मोजायचं एकक) प्रकाश ठेवतात आणि तैलरंगांवर २०० च्या आसपास. बाहेर भर उन्हात एक लाखाच्या घरात लक्स असतात. त्यामुळे उन्हातून थेट कागदाच्या दालनात शिरलात तर पहिली काही मिनिटं सगळं मळकट दिसतं. चित्राला दोष देऊ नका. दाराशी थोडं थांबा, डोळे सरावतील.

थंडीपेक्षा खरं कारण दमटपणा. पावसाळ्यात मुंबईची हवा कॅनव्हासमध्ये शिरते, त्यावरचा सरस फुगतो, कॅनव्हास सैल पडतो, कागदाला बुरशी धरते. एसी हे पाणी हवेतून काढत असतो. ज्येष्ठांसाठी एक शाल किंवा स्वेटर बरोबर असू द्या.

११. सॅक, छत्री, पाण्याची बाटली दारातच का ठेवायला लावतात?

छत्री आणि बाटलीचं कारण वर आलंच : पाणी. सॅकचं कारण वेगळं. पाठीवरची सॅक आपल्याला दिसत नाही. मागे सरकताना तिचा कोपरा कॅनव्हासला लागतो. त्या क्षणी काहीच दिसत नाही. पण रंगाचा थर आतून तडकलेला असतो, आणि काही वर्षांनी त्या जागी कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल भेगा उमटतात. लहान पर्स चालते. ती पुढे घ्या. लॅपटॉप घेऊन ऑफिसमधून थेट येणार असाल तर सामान ठेवायची सोय आहे का ते आधी विचारा.

१२. चुकून चित्राला हात लागला. आता?

लगेच जवळच्या सुरक्षारक्षकाला सांगा. रुमालाने पुसू नका, फुंकर मारू नका. बोटांवरचं तेल आणि मीठ पृष्ठभागावर राहतं. ते वेळेत कळलं तर संवर्धक, म्हणजे चित्रांची निगा आणि दुरुस्ती करणारा तज्ज्ञ, काढू शकतो, पुसल्यावर ते आणखी आत जातं. आजची बरीच चित्रं व्हार्निश न लावलेली असतात, म्हणजे हात थेट रंगालाच लागतो. ॲक्रिलिकचा थर वाळल्यावरही किंचित मऊ राहतो, त्यामुळे धूळ आणि ठसा दोन्ही धरून ठेवतो. सांगितल्याबद्दल कुणी रागावलं तरी चालेल, सांगाच.

१३. फोटो काढता येतात का?

प्रत्येक प्रदर्शनाचा नियम वेगळा असतो, कारण चित्रं अनेकदा खासगी संग्राहकांकडून उसनी आणलेली असतात आणि त्यांच्या अटी असतात. दारावरची पाटी पाहा, नसेल तर विचारा. परवानगी असली तरी फ्लॅश, ट्रायपॉड आणि सेल्फी स्टिक नाही. जहांगीरमध्ये चित्रकार समोरच असतो. त्यालाच विचारा, बहुतेकजण आनंदाने हो म्हणतात.

काचेमागच्या चित्राचा फोटो काढताना आपलंच प्रतिबिंब येतं. समोर न राहता एक पाऊल बाजूला सरका आणि गडद रंगाचे कपडे घालून जा. शेजारची पाटीही टिपा, नाहीतर घरी गेल्यावर कुणाचं चित्र ते आठवत नाही.

१४. फोटो इन्स्टाग्रामवर टाकला तर चालेल का? चित्रकार हयात नसेल तर?

परवानगीने काढलेला फोटो आपल्यापुरता ठेवणं आणि तो जगासमोर मांडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्राचा हक्क चित्रकाराकडे असतो, आणि चित्र विकलं तरी तो आपोआप विकत घेणाऱ्याकडे जात नाही. चित्रकाराच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं तो टिकतो. मोजणी पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून. गायतोंडे २००१ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या चित्रांवरचा हक्क २०६१ संपेपर्यंत आहे. अमृता शेरगिल १९४१ मध्ये गेल्या. त्यांच्या चित्रांवरचा संपला.

चौकातल्या कायमच्या पुतळ्याचा फोटो छापायला कायदा सवलत देतो. भिंतीवरच्या चित्राला ती सवलत नाही. व्यवहारात, नाव आणि साल लिहून टाकलेल्या पोस्टला चित्रकार सहसा हरकत घेत नाहीत, पण त्याचं कॅलेंडर, कप किंवा पुस्तकाचं मुखपृष्ठ करायचं असेल तर लेखी परवानगीशिवाय करू नका.

१५. आत बसून रेखाटन करता येईल का?

बहुतेक वेळा हो, विचारून, आणि फक्त पेन्सिलने. शाईचा थेंब उडाला तर निघत नाही, म्हणून पेन, ब्रश, चारकोल नको. वही ए-४ पेक्षा मोठी नको, आणि वाटेत ठाण मांडून बसू नका.

१६. मुलांना न्यावं का? कंटाळतात.

कंटाळतात ती मोठ्यांच्या गतीने फिरवल्यामुळे. सहा-सात वर्षांच्या मुलाला पाऊण तास पुरे. आत शिरण्यापूर्वी बाहेरच खाऊ घाला आणि नियम सांगा : चित्रापासून आपल्या दोन हातांइतकं लांब. मग शोधायला काम द्या. ‘या खोलीत निळा रंग नसलेलं चित्र कोणतं?’, ‘या चित्रातल्या माणसासारखं उभं राहून दाखव.’ बाहेर आल्यावर आठवणीतून एक चित्र काढायला सांगा. चित्रं बहुधा मध्य साधारण दीड मीटरवर येईल अशी लावलेली असतात. ती उंची मोठ्यांच्या डोळ्यांची. अधूनमधून गुडघ्यावर बसून मुलाच्या डोळ्यांनी पाहा, काचेवर नुसता दिव्याचा झोत दिसतोय असंही लक्षात येईल. मग त्याला कुठे उभं करायचं ते कळतं.

१७. आईचे गुडघे दुखतात. एनजीएमए झेपेल का?

रचना चढत्या दालनांची आहे (प्रश्न ५). आधी फोन करून लिफ्ट चालू आहे का, व्हीलचेअर मिळेल का आणि कोणत्या दालनात बसायला बाक आहेत हे विचारून घ्या. लिफ्ट असेल तर आधी वर जा आणि हळूहळू खाली उतरत या. घडीची हलकी खुर्ची न्यायची असल्यास परवानगी घ्या. नुसतं जहांगीर पाहायचं ठरवलंत तरी दुपार वाया जात नाही. तिथली मुख्य दालनं एकाच पातळीवर आहेत.

१८. उद्घाटनाला बोलावणं नसताना जाता येतं का?

जहांगीरला बहुतेक उद्घाटनं खुली असतात. चित्रकाराच्या घरच्यांचा आणि मित्रांचा तो सोहळा असतो, पण अनोळखी माणसाला कुणी हटकत नाही. मोठ्या संग्रहालयात निमंत्रणपत्रिका लागू शकते. फक्त, उद्घाटनाच्या संध्याकाळी माणसं दिसतात, चित्रं नाही. चित्रांसाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. जानेवारीतला मुंबई गॅलरी वीकएंड आणि त्यानंतरचा काळा घोडा कला महोत्सव यांबद्दलही हेच. वातावरण सुंदर, पण शांतपणे चित्र पाहायचं असेल तर ते दिवस सोडून.

१९. समोवार अजून आहे का?

नाही. जहांगीरमधलं ते चिंचोळं, बागेकडे तोंड असलेलं कॅफे १९६४ मध्ये सुरू झालं आणि २०१५ च्या मार्चमध्ये बंद झालं. अजूनही लोक दाराशी येऊन विचारतात, इतकं ते या जागेचा भाग होतं. चहासाठी आता मागच्या गल्ल्यांत जा. बाहेर फुटपाथवर चित्रं मांडून बसणाऱ्यांपाशी थांबायला विसरू नका. त्यांच्याकडे व्यक्तिचित्र काढून घेता येतं.

२०. एखादं चित्र फार आवडलं. विकत घेता येतं का? किंमत विचारली तर लाज वाटेल.

एनजीएमए आणि म्युझियममधली चित्रं विक्रीसाठी नसतात. जहांगीरमध्ये असतात, पाटीवर लाल टिकली दिसली तर ते विकलं गेलंय. दारापाशी किमतींची यादी असते, किंवा सरळ चित्रकाराला विचारा. चित्रकारासाठी तो प्रश्न आनंदाचा असतो. हप्त्यांबद्दलही मोकळेपणाने बोला.

घेताना चार गोष्टी मागा : पक्कं बिल, चित्रकाराच्या सहीचं प्रमाणपत्र, ज्यात शीर्षक, साल, माध्यम, आकार आणि चित्राचा फोटो असेल, चित्र किती जुनं आहे, आणि त्यावर व्हार्निश आहे का. शेवटचे दोन प्रश्न तैलरंगासाठी महत्त्वाचे. तैलरंग बोटाला कोरडा लागायला आठवडा-दोन आठवडे लागतात, पण आतून वाळून व्हार्निश लावण्याजोगा व्हायला सहा महिने ते वर्ष. दालनात जवसाच्या तेलाचा वास येत असेल तर चित्र ताजं आहे. घ्यायला हरकत नाही, फक्त काचेत बंद करू नका आणि वर्षभराने व्हार्निशसाठी चित्रकाराला पुन्हा भेटा.

छापचित्रावर खाली ‘३/२५’ असं पेन्सिलने लिहिलेलं असेल तर पंचवीसपैकी तिसरी प्रत. ती मूळ कलाकृतीच असते, पोस्टर नव्हे. पण चित्राची डिजिटल छपाई करून त्यावर आकडा टाकलेला असला तर ती वेगळी गोष्ट. स्पष्ट विचारा : ‘हा ठसा प्लेटवरून घेतलाय की प्रिंटरवरून?’

२१. चित्र घरी नेताना काय काळजी घ्यायची?

बबलरॅप थेट चित्राला लावू नका. मुंबईच्या उन्हात, विशेषतः ॲक्रिलिकवर, त्याचे गोल ठसे कायमचे उठतात. आधी बटर पेपर, मग चारी कोपऱ्यांना पुठ्ठा, मग बबलरॅप. कॅनव्हास गुंडाळायचाच असेल तर रंगाची बाजू बाहेर ठेवून, किमान १०-१५ सेंमी व्यासाच्या नळीवर. रंग आत ठेवून गुंडाळला की थर दाबला जातो आणि उलगडताना तडकतो.

घरी पावसाची झड लागणाऱ्या भिंतीवर लावू नका. मागे चार कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवून भिंतीपासून सेंटीमीटरभर अंतर सोडा, म्हणजे हवा खेळती राहते. साफ करायला फक्त मऊ, कोरडा ब्रश. ओलं फडकं कधीच नाही.

२२. भाऊ अमेरिकेत असतो. त्याला चित्र भेट म्हणून पाठवता येईल का?

आजच्या, हयात चित्रकाराचं चित्र असेल तर बाहेर नेण्यावर बंदी नाही. अडचण येते ती दोन प्रकारांत. १९७२ च्या कायद्याप्रमाणे १०० वर्षांहून जुनं चित्र पुरावस्तू ठरतं आणि देशाबाहेर नेता येत नाही. शिवाय नऊ चित्रकारांची कामं राष्ट्रीय कलाठेवा जाहीर झालेली आहेत : राजा रविवर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय, रवींद्रनाथ, अवनींद्रनाथ आणि गगनेंद्रनाथ ठाकूर, नंदलाल बोस, निकोलस रोरिक आणि शैलोज मुखर्जी. जामिनी रॉय १९७२ पर्यंत हयात होते, म्हणजे त्यांचं १९५० मधलं चित्र शंभरीपासून दूर असलं तरी बाहेर जाणार नाही. आजोबांच्या वेळेपासून घरात असलेल्या चित्रांच्या बाबतीत हाच घोळ होतो.

नवीन चित्राबरोबर बिल आणि प्रमाणपत्राची प्रत (प्रश्न २०) पेटीत आणि एक हातात ठेवा. चित्र जुन्या शैलीतलं, जुनाट दिसणारं असेल तर पुरातत्त्व खात्याकडून ‘पुरावस्तू नाही’ असा दाखला आधीच काढा. विमानतळावर तो मिळत नाही.

२३. वीस वर्षांपूर्वी जहांगीरला घेतलेलं चित्र आता विकायचंय. चित्रकाराला सांगावं लागतं का?

चित्र तुमचं आहे, विकायला परवानगी लागत नाही. पण कॉपीराइट कायद्याच्या कलम ५३-अ प्रमाणे मूळ चित्राची फेरविक्री १० हजार रुपयांपेक्षा जास्त किमतीला झाली, तर पहिल्या हक्कदार चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना त्या किमतीत वाटा मागता येतो; तो जास्तीत जास्त १० टक्के. फार थोड्या विक्रेत्यांना हे ठाऊक असतं आणि फार थोडे चित्रकार तो मागतात. चित्रकार हयात असतील तर त्यांना कळवा. जुनं प्रमाणपत्र हरवलं असेल, तर चित्राच्या पुढच्या-मागच्या बाजूचे आणि सहीचे फोटो त्यांना दाखवून नवीन मागून घेता येतं. मागची बाजू तपासल्याशिवाय ‘सही नाही’ असं ठरवू नका. गायतोंड्यांसारखे अनेकजण कॅनव्हासच्या पाठीवरच सही करत.